दिवाणखान्यातले गलबत

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे किल्ले उठतात. वाड्यांची अंगणे गेली, चाळींच्या जागी गगनाला टेकणाऱ्या इमारती आल्या. पण चार विटा, दोन घमेली माती आणि मूठभर अळीव एवढ्या भांडवलावर पोरे कुठल्यातरी कोपऱ्यात किल्ला उभा करतातच. आमच्या इमारतीतल्या बाळगोपाळांनी यंदा सिंधुदुर्ग घेतला होता. तट झाला, बुरूज झाले, जुन्या निळ्या चादरीचा समुद्र झाला. मग कुणाच्या तरी ध्यानात आले की, महाराजांनी हा किल्ला १६६४ साली बांधायला घेतला तो समुद्रावर नजर ठेवण्यासाठी, आणि आपल्या समुद्रावर तर एकही जहाज नाही! कागदाच्या होड्या करून पाहिल्या, त्या रात्रीच्या दवाने सकाळी लोळण घेतलेल्या सापडल्या. शेवटी सेनापती माझ्या दारात येऊन उभे राहिले. वय वर्षे नऊ.

“आजोबा, तुमचं ते लाकडी गलबत चार दिवस द्याल?”

मी “देतो” म्हणालो खरा, पण म्हणताना आवंढा गिळावा लागला. वाचकहो, या सदरातून मी वर्षभर तुम्हाला फावल्या वेळाचे उद्योग सांगत असतो. कुंडीतला पुदिना झाला, जुन्या पुस्तकांची बांधणी झाली. दिवाळी अंकात संपादक जागा ऐसपैस देतात, म्हणून यंदा या एका गलबताची हकीकत सविस्तर सांगतो. ती ऐकून तुमच्यापैकी कुणाला असे गलबत बांधावेसे वाटले तर आनंदच आहे. पण बांधायला घेतलेले ज्यांनी माळ्यावर टाकून दिले असेल, त्यांच्यासाठी ती मुख्यत्वे आहे.

आमच्या शेजारचे अण्णा तीन वर्षांपूर्वी गेले. गेल्या मार्गशीर्षात वहिनींनी माळा साफ करायला काढला, आणि एक लांबट खोका दोन्ही हातांवर धरून त्या आमच्याकडे आल्या.

“भावजी, हे तुम्हीच घ्या. रद्दीवाल्याला द्यायला जीव होत नाही.”

खोक्यावर तीन डोलकाठ्यांच्या भल्यामोठ्या लढाऊ जहाजाचे चित्र होते. ‘एच. एम. एस. व्हिक्टरी’. १७६५ साली पाण्यात उतरलेले, १०४ तोफांचे, आणि १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत ज्याच्यावर नेल्सनला मरण आले ते हे जहाज. आज ते इंग्लंडमध्ये पोर्ट्‌स्मथच्या गोदीत जपून ठेवलेले आहे. त्याची लाकडी प्रतिकृती घरी बांधण्याचा हा संच होता. आत जहाजाचा सांगाडा, त्यावर बसवलेल्या काही पट्ट्या, आणि बाकी सगळे सुटे सामान पुड्यांत जसेच्या तसे.

“दर रविवारी म्हणायचे, पुढच्या रविवारी नक्की बसतो. अकरा वर्षं झाली,” वहिनी म्हणाल्या. “मोठे कंटाळेखोर हो!”

मी बढाईने म्हणालो, “वहिनी, हे मी पुरे करून देतो.” जन्मभर कचेरीत आकड्यांच्या बेरजा केलेला मी माणूस. घरात खिळा ठोकायचा तरी सौभाग्यवती हातोडी माझ्याकडे देत नाही. पण बोलून बसलो.

दुसऱ्या दिवशी नकाशा उलगडला तो पलंगभर पसरला. खऱ्या व्हिक्टरीवर सुमारे २६ मैल लांबीचे दोरखंड होते म्हणतात. प्रतिकृतीत मैल नसले, तरी गाठी बांधायला बोटे आपलीच! गलबते बांधण्यात मुरलेल्या एका स्नेह्यांना मी फोन केला. ते हसून म्हणाले, “पोहायला शिकायचं ते विहिरीत, भर समुद्रात नव्हे. आधी एक छोटं गलबत पुरं करा. पहिलं गलबत देखणं व्हायला हवं असं नाही, ते पुरं व्हायला हवं.”

एवढा एकच उपदेश तुम्ही लक्षात ठेवलात तरी या लेखाचे सार्थक झाले. हा छंद घेणारे बहुतेक लोक आधी सर्वांत मोठ्या, सर्वांत जास्त तोफांच्या जहाजाकडे धावतात. पहिल्या खेपेला एक किंवा दोन डोलकाठ्यांचे, तोफा नसलेले जहाज घ्यावे. मी घेतले ते पायलट बोटीचे. बंदराच्या तोंडाशी खडक कुठे, वाळूचा दांडा कुठे हे ठाऊक असलेला वाटाड्या बाहेरून येणाऱ्या मोठ्या जहाजावर पोचवायचा, हे या बोटीचे काम. १८०५ च्या सुमारास अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर अशा दोन डोलकाठ्यांच्या, वेगवान बोटी असत. त्या बोटीची पन्नासपट लहान प्रतिकृती, म्हणजे सुमारे ४५ सेंटीमीटर लांब. या मापात तुम्ही-आम्ही माणसे साडेतीन सेंटीमीटरही भरत नाही. अहंकार उतरवायला हे माप बरे.

असे संच स्पेन, इटली वगैरे देशांत बनतात. खोक्यात प्लायवूडच्या तक्त्यावर कापून ठेवलेला कणा आणि बरगड्या, पातळ पट्ट्यांचे जुडगे, डोलकाठ्यांसाठी गोल काठ्या, दोऱ्याच्या रिळा, पितळेचे बारके खिळे, नांगर, आणि वाटाण्याहून लहान लाकडी कप्प्या असतात. पट्ट्या दोन तऱ्हेच्या. जाड आणि साध्या लाकडाच्या त्या आतल्या थरासाठी, पातळ आणि अक्रोडासारख्या गडद लाकडाच्या त्या बाहेरच्या थरासाठी. हत्यारे निम्मी घरातच सापडतात. धारदार छोटा चाकू, चिमटा, बारीक कानस, गुण्या, फेविकॉल, तीन-चार प्रतींचा पॉलिशपेपर, आणि दोरीवर कपडे अडकवायचे चिमटे दोन डझन. हे शेवटचे हत्यार मी सौभाग्यवतीच्या परवानगीवाचून उचलले. त्यानंतर आमच्या घरचे कपडे काही दिवस वाऱ्याबरोबर शेजाऱ्यांकडे जाऊ लागले, तो भाग वेगळा.

पहिला आठवडा काहीही चिकटवू नये. नकाशा वाचावा, तुकड्यांवर पेन्सिलीने आकडे घालावेत. नकाशाची किंमत मुंबईइतकी कुणाला ठाऊक नसेल. इथल्या गोदीत वाडियांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मलबारी सागाची जहाजे बांधली. इंग्रज आरमारासाठी ‘ट्रिंकोमाली’ बांधायचे ठरले, तेव्हा तिचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या जहाजातून निघाले. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकन जहाजाने ‘जावा’ला गाठून तिचा नाश केला आणि नकाशेही गेले. नव्या प्रती येईपर्यंत काम थांबले. जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली ती पाण्यात उतरली १२ ऑक्टोबर १८१७ रोजी. इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात ही मुंबईची लेक आजही पाण्यावर तरंगते आहे. तेव्हा नकाशासाठी वाडियांचे कारागीर थांबले, तर आपण आठवडाभर थांबायला हरकत नसावी.

मी थांबलो नाही! तिसऱ्याच दिवशी डिंक काढला.

आता सांगाड्याकडे वळू. माशाचा मधला काटा आणि त्याच्या फासळ्या डोळ्यांपुढे आणा. कण्याच्या खाचांत बरगड्या आडव्या बसवायच्या. आधी कणा सपाट टेबलावर ठेवून तो सरळ आहे ना हे पाहावे. पावसाळ्यात प्लायवूड हटकून वाकते. वाकले असेल तर थोडे ओलवून पुस्तकांच्या ओझ्याखाली दोन दिवस दाबून ठेवावे. बरगड्या आधी डिंकावाचून बसवून बघाव्यात, प्रत्येक गुण्याने तपासावी, आणि मगच डिंक लावावा.

यानंतरचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाचे. बरगडीची कड सरळ कापलेली असते. जहाजाचे अंग मात्र पुढे नाळेकडे आणि मागे सुकाणूकडे आत वळत जाते. पट्टी सरळ कडेवर बसवली तर ती फक्त टोकावर टेकते. म्हणून पुढच्या-मागच्या बरगड्यांच्या कडा कानशीने तिरप्या घासाव्या लागतात. त्या पुरेशा घासल्या की नाहीत, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. एक पट्टी घेऊन सांगाड्यावर जोर न देता हलकेच टेकवावी. ती प्रत्येक बरगडीला पुऱ्या जाडीने टेकली पाहिजे. उंचवटा दिसला तर घासावे, खळगा दिसला तर लाकडाची बारीक चिपट लावून भरावा. जहाजाचा डौल इथे ठरतो.

मग पट्ट्या. हे काम पाहणाऱ्याला फार सोपे वाटते, कारण त्याला गणित दिसत नाही. माझ्या बोटीच्या मधल्या बरगडीवर डेकपासून कण्यापर्यंत कागदाची चिंधी गुंडाळून मोजली तर लांबी भरली ९० मिलिमीटर. पट्टी ५ मिलिमीटर रुंद, म्हणजे १८ पट्ट्या. नाळेजवळच्या बरगडीवर तीच लांबी ६३. आता त्याच १८ पट्ट्या ६३ मिलिमीटरमध्ये बसवायच्या, तर तिथे प्रत्येक पट्टी साडेतीन मिलिमीटर रुंद हवी. संत्र्याची फोड आठवा. मध्ये फुगीर आणि टोकाला निमुळती असते म्हणून तर फोडी एकमेकींना बिलगून बसतात. पट्ट्याही तशाच टोकाकडे निमुळत्या कराव्या लागतात. मात्र रुंदीच्या निम्म्याहून खाली जाऊ नये. टोक फारच बारीक झाले तर ते धड बसत नाही, त्यापेक्षा तिथे एक पट्टी कमी करावी. पट्टी वाकवण्यासाठी अर्धा तास पाण्यात भिजवावी, किंवा इडलीपात्राच्या वाफेवर धरावी, आणि वळण देऊन पूर्ण वाळू द्यावी. ओलीच चिकटवली तर वाळल्यावर ती आक्रसते आणि फटी पडतात.

आषाढातल्या एका रविवारी मला विलक्षण हुरूप आला. बाहेर पाऊस कोसळत होता, आत चिमटे सपासप बसत होते. दिवस मावळेपर्यंत मी उजव्या बाजूच्या नऊ पट्ट्या बसवल्या. डाव्या बाजूला एकही नाही. दुसऱ्या दिवशी चिमटे काढून गलबत डोळ्यांसमोर धरले आणि नाळेकडून मागे पाहिले, तर कणा केळ्यासारखा वाकलेला! प्रत्येक पट्टी सांगाड्याला आपल्याकडे ओढत होती, आणि समोरून ओढणारे कुणीच नव्हते. नियम साधा आहे. एक पट्टी उजवीकडे, तर दुसरी डावीकडे. तो पुस्तिकेत चार भाषांत छापलेला होता. मी एकाही भाषेत वाचला नव्हता.

सौभाग्यवतीला मी काही बोललो नाही. गलबत वर्तमानपत्रात गुंडाळले, माळ्याची शिडी लावली आणि ते वर सरकवले. चार दिवस गेले. कुणी विचारले तर “सध्या पावसाने डिंक सुकत नाही हो” असे ठरलेले उत्तर. पाचव्या दिवशी वेगळेच काही शोधायला वर चढलो, तर हात अण्णांच्या खोक्याला लागला. का कोण जाणे, मी त्यांचे जहाज बाहेर काढले, उजेडात नेले आणि नाळेकडून मागे पाहिले.

तोच बाक होता. एका बाजूला सात पट्ट्या, दुसऱ्या बाजूला दोन. सातवी पट्टी अर्धवट उचकटलेली होती आणि लाकूड चिरलेले होते. त्यांनी ती काढून पाहण्याचा यत्न केला होता. नकाशाच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात मापे, त्यांच्यावर काट, पुन्हा मापे. शेवटी नुसते एक प्रश्नचिन्ह.

अण्णा कंटाळले नव्हते. ते अडले होते. आपल्या हातून जहाज वाकडे झाले हे कुणाला सांगायचे, आणि कसे? मीही चार दिवस हेच करत होतो. त्यांची तेवढी अकरा वर्षे झाली. ‘पुढच्या रविवारी नक्की’ हे वाक्य आळसाचे नव्हतेच, ते लाजेचे होते. माझ्या ओळखीच्या किती घरांत अर्धी वीण झालेले स्वेटर, सुटी केलेली घड्याळे, तिसऱ्या धड्याशी थांबलेल्या हार्मोनियम पडून आहेत, हे मला त्या क्षणी आठवले. प्रत्येकावर घरच्यांनी ‘कंटाळा’ अशी चिठ्ठी लावलेली आहे.

मी स्नेह्यांना फोन केला आणि झालेले जसेच्या तसे सांगितले. ते मुळीच हसले नाहीत. म्हणाले, “औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. जोडावर कापसाने लावा, थोडं थांबा, आणि पातळ सुरी हलकेच आत सरकवा. पांढरा डिंक सुटतो. माझ्या पहिल्या गलबताच्या मी बारा पट्ट्या काढल्या होत्या.”

वाचकहो, ही गोष्ट मला मोलाची वाटते. पांढऱ्या डिंकाचा जोड सुटतो. कोमट पाण्यानेही तो मऊ पडतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळपास देवाची समई किंवा गॅस पेटलेला नसावा, आणि ओढाओढ करू नये, एवढेच पथ्य. माझ्या नऊ पट्ट्या दोन संध्याकाळींत निघाल्या. त्यांतल्या सहा पुन्हा वापरता आल्या. कणा ओलवून पाटा-वरवंट्याखाली दाबून ठेवला. तिसऱ्या दिवशी तो सरळ झाला. तेव्हा मागच्या बरगड्या मी नीट घासल्याच नव्हत्या हेही दिसले. त्याही घासल्या.

पुढचे सारे शिस्तीत झाले. एक उजवीकडे, एक डावीकडे. रोज दोनच जोड्या. आतल्या थरात फटी राहिल्या, त्या लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून बुजवल्या आणि घासून गुळगुळीत केल्या. हा थर पुढे झाकला जातो. पहिला थर चुका करण्यासाठीच दिलेला असतो, अशी माझी समजूत झाली आहे. त्यावर अक्रोडाचा पातळ थर चढला आणि इतके दिवस बोडके दिसणारे गलबत एकदम सोयरिकीला बसवलेल्या मुलीसारखे खुलून दिसू लागले. डेकच्या पट्ट्या चिकटवण्यापूर्वी त्यांच्या कडांवरून मऊ पेन्सिल फिरवली. खऱ्या जहाजात फळ्यांच्या फटींत जुन्या दोरांचा काथ्या ठासून वर डांबर ओततात. ती काळी रेघ या पेन्सिलीने साधते.

डोलकाठ्या वरती निमुळत्या हव्यात. काठी हातात गोल फिरवत पॉलिशपेपरने घासली की होतात, बोटे मात्र दुखतात. दोऱ्यांचे काम गणपतीनंतर घेतले. दोरा आधी मेणाच्या वडीवरून ओढावा, म्हणजे त्याची लव बसते आणि धूळ धरत नाही. डोलकाठ्यांना ताणून धरणारे दोर गडद, कारण खऱ्या जहाजात ते डांबरलेले असत. शिडे वरखाली करणारे दोर फिके. इथेही तोच नियम. एका बाजूचा दोर ताणला की लगेच समोरचा ताणावा, नाहीतर डोलकाठी रुसल्यासारखी कलते. एव्हाना हा नियम मला झोपेतही पाठ झाला होता.

कोजागरीला गलबत पुरे झाले. दूध आटत होते, आणि शेवटचा दोर मी कप्पीतून ओवला. त्यात दोष किती आहेत म्हणून सांगू? डाव्या बाजूची चौथी पट्टी थोडी फुगलेली आहे, मागची डोलकाठी केसभर कललेली आहे, आणि नांगर उलटा बसला आहे. सौभाग्यवतीने ते दूरचित्रवाणीशेजारी ठेवू दिले, यातच सारे आले. तिचे चिमटे मी मोजून परत केले. दोन कमी भरले.

वहिनींना मी बोलावले. त्यांनी गलबत पाहिले, कौतुक केले. मग मी अण्णांचे जहाज खाली आणले, त्यांच्या हातात दिले आणि एक डोळा मिटून नाळेकडून पाहायला सांगितले. नकाशावरची मापे दाखवली, ते प्रश्नचिन्हही दाखवले. त्या बराच वेळ त्या अक्षराकडे पाहत होत्या.

“म्हणजे कंटाळले नव्हते हो ते,” त्या म्हणाल्या. “आणि मी आपली येता-जाता बोलत राहिले.” थोड्या वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले आणि विचारले, “ते औषध कुठं मिळतं म्हणालात?”

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी अण्णांची ती सातवी पट्टी सोडवली. कापूस त्यांनी धरला, सुरी मी. व्हिक्टरी पुरी व्हायला किती वर्षे लागतील ते मी मोजत नाही, पण ती आता माळ्यावर नाही, टेबलावर आहे. दर रविवारी वहिनी दुपारच्या चहाला येतात आणि एक पट्टी उजवीकडे, एक डावीकडे बसते.

राहता राहिले सिंधुदुर्गाचे आरमार. गलबत मी स्वतः खाली नेले आणि निळ्या चादरीवर तटापासून बेताच्या अंतरावर नांगरले. सेनापतींनी चहूबाजूंनी फिरून त्याची पाहणी केली. त्यांचा चेहरा काही खुलेना.

“आजोबा, याच्यावर तोफा कुठायत?”

“अरे, ही वाटाड्याची बोट. हिला तोफा नसतात. मोठी जहाजं खडकावर आपटू नयेत म्हणून ही पुढे जाते.”

सेनापतींनी क्षणभर विचार केला. मग ते म्हणाले, “मग ठीक आहे. हिला सगळ्यांत पुढे ठेवू.”